मुळांची साखर आणि जंतूंची वाट

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, की इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिमरोल गावाच्या शिवारात पेरणीची धांदल सुरू होते. घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे जाण्यापूर्वीचा माळव्याच्या पठाराचा हा दक्षिण काठ. २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या इमारती याच गावाजवळ उभ्या आहेत, आणि त्यांच्या सभोवार काळ्या जमिनीची शेते पसरली आहेत. खरिपात या शेतांचे मुख्य पीक म्हणजे सोयाबीन.

पेरणीच्या दिवशी शेतकरी ओसरीच्या सावलीत सोयाबीनचे बी पसरतो. गुळाचे पाणी उकळून गार केलेले असते. जिवाणू संवर्धनाचे पाकीट फोडून त्यातील काळसर भुकटी तो त्या पाण्यात कालवतो आणि ते मिश्रण हलक्या हाताने बियांना चोळतो. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम भुकटी ही नेहमी सांगितली जाणारी मात्रा. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावयाचे. त्या भुकटीत कोट्यवधी जंतू असतात. सोयाबीनच्या मुळांवर गाठी बांधून हवेतील नत्र पिकाला मिळवून द्यावयाचे, हे त्यांचे काम. गूळ वापरावयाचा तो भुकटी बियांना चिकटावी म्हणून.

हा विधी यथासांग पार पाडूनही पुष्कळदा फळ हाती येत नाही. एका शेतात मुळे गाठींनी लगडतात; शेजारच्या शेतात तेच पाकीट वापरूनही चार-दोन गाठींपलीकडे काही दिसत नाही. मग पाकीट खोटे होते, असा निकाल दिला जातो. कधी कधी तो खराही असतो. तथापि पाकीट उत्तम असतानाही असे का घडावे, या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या आत, मुळाच्या भोवतालच्या दोन-चार मिलिमीटरांत दडलेले आहे. बियाला चिकटलेला जंतू मुळाच्या मागोमाग खाली कसा जातो, त्याला वाट कोण दाखवितो, आणि ती वाट कशाने बंद होते, हे कळल्यावाचून तो निकाल पुरा होत नाही.

पान उन्हात साखर तयार करते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. ती सगळी साखर खोड, पान आणि दाणा यांच्याच वाट्याला येते, अशी मात्र सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पानांनी कमावलेल्या साखरेचा मोठा हिस्सा मुळांकडे उतरतो आणि त्यातील काही भाग मुळांतून बाहेर मातीत पाझरतो. पीक, त्याचे वय आणि जमीन यांप्रमाणे हे प्रमाण बदलते. परंतु एकूण कमाईचा दहावा भाग मातीत जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. या पाझरात द्राक्षशर्करा, फलशर्करा आणि उसात असते ती साखर असते. शिवाय सेंद्रिय आम्ले आणि प्रथिनांचे घटकही असतात. पाझर सर्वत्र सारखा नसतो. मुळाच्या कोवळ्या टोकाजवळ आणि उपमुळे फुटतात त्या जागी तो अधिक असतो.

लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली मुळाच्या प्रभावाखालील या मातीला एक स्वतंत्र नाव दिले. आज मराठीत तिला मूलपरिसर म्हणता येईल. द्विदल पिकांच्या मुळांवरील जंतूंचा अभ्यास करीत असतानाच हिल्टनरला ही कल्पना सुचली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. साध्या मातीच्या चिमटीतही कोट्यवधी जंतू असतात. परंतु मूलपरिसरात त्यांची संख्या दसपट, कधी शंभरपटही होते. रोप अलगद उपटले असता मुळांना मातीचे एक पातळ अस्तर चिकटून येते. ती माती म्हणजे नुसता चिखल नव्हे. ती एक भरलेली बाजारपेठ आहे.

या बाजारपेठेत जंतू येतात कसे? ते तेथेच पडलेले असतात आणि अन्न मिळाल्यावर वाढतात, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर असे, की पुष्कळ जंतू पोहत येतात. जंतूची लांबी एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दोन हजारांश इतकी. त्याच्या अंगावर केसासारखे बारीक शेपूट असते आणि ते मळसूत्रासारखे फिरवून तो पाण्यात पुढे सरकतो. विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८० नंतरच्या दशकात एक साधा प्रयोग केला. केसासारख्या बारीक काचनळीत अन्नद्रव्य भरून तिचे तोंड त्याने जंतूंच्या पाण्यात बुडविले. थोड्याच वेळात जंतूंची झुंबड नळीच्या तोंडाशी गोळा झाली. अन्नाचा सुगावा जंतूला दुरून लागतो, हे त्यावरून दिसून आले.

हा सुगावा लागतो कसा, याचा उलगडा अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ज्यूलियस ॲडलर यांनी पुढे केला. जंतू साखर खातो, त्याला ताकद येते आणि म्हणून तो तिकडे वळतो, असे कोणासही वाटेल. ॲडलर यांनी काही साखरा पचविण्याची शक्ती गमावलेले जंतू घेतले. ती साखर त्यांच्या काही उपयोगाची नव्हती. तरीही ते तिच्याच दिशेने धावले. यावरून जंतूच्या अंगावर साखर ओळखणारी स्वतंत्र इंद्रिये आहेत, असे त्यांनी १९६९ साली सिद्ध केले. खाणे निराळे आणि चव ओळखणे निराळे. जंतू थोडा वेळ सरळ पोहतो, मग कोलांटी घेऊन दिशा बदलतो. साखर वाढत आहे असे जाणवले, की कोलांट्या कमी होतात आणि सरळ धाव लांबते. एवढ्याशा युक्तीने, डोळे नसतानाही, तो मुळाकडे पोहोचतो. मुळाची साखर ही जंतूला मिळणारे अन्न आहे. पण त्यापूर्वी ती त्याला घातलेली हाक आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की मग साखर जितकी अधिक तितका जंतूंचा प्रसार अधिक. येथेच निसर्ग आपला हिशेब उलटा मांडतो. बशीत मऊ आगरचा पातळ थर पसरून मध्यभागी जंतू ठेवले, तर ते भोवतालची साखर खात वर्तुळाकार बाहेर पसरतात. जवळची साखर संपल्याने आत कमी आणि बाहेर जास्त असा उतार तयार होतो आणि त्या उतारावरून ते पुढे जातात. साखर अगदीच थोडी असेल, तर प्रसार मंदावतो. पण ती फार झाली तरी मंदावतो, कारण जागच्या जागी भरपूर मिळत असता उतार लवकर तयारच होत नाही. ॲडलर यांनी आणखी एक गोष्ट दाखविली होती. मनुष्याच्या आतड्यात राहणारा एक परिचित जंतू द्राक्षशर्करेवर वाढविला, तर तो शेपट्याच तयार करीत नाही. घरात सुकाळ असला म्हणजे गाव सोडून जाण्याचे कारण उरत नाही, तसाच हा प्रकार. सारांश, थोडी साखर जंतूला चालविते आणि भरमसाट साखर त्याला बसविते.

साखर किती, याइतकेच साखर कोणती, हेही महत्त्वाचे आहे. बॅसिलस सबटिलिस नावाचा एक उपकारक जंतू मातीत सर्वत्र आढळतो. उसातील साखर त्याच्यावर काय परिणाम करते, यावर २०२१ साली संशोधन प्रसिद्ध झाले. ही साखर मिळताच तो जंतू आपल्या शरीराबाहेर तिच्यापासून लेव्हान नावाचा लांब साखळीचा पदार्थ बनवितो. त्या लेव्हानच्या इशाऱ्यावर जंतूंच्या अंगावर भराभर शेपट्या फुटतात आणि साबणासारखा एक निसरडा द्रवही तयार होतो. त्या निसरड्यावरून जंतूंची टोळी घट्ट पृष्ठभागावरही पसरत जाते आणि मुळावर वस्ती करते. म्हणजे येथे साखर केवळ हाक घालून थांबत नाही. जाण्याचे साधनही तीच करून देते.

सोयाबीनच्या गाठींतील जंतूचा प्रकार तर माळव्याला अधिकच जवळचा आहे. ब्रॅडीरायझोबियम हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याच्याजवळ शेपट्यांचे दोन संच असतात. एक टोकाजवळचा जाड आणि दुसरा अंगाच्या बाजूंचा बारीक. अर्जेंटिना हाही मोठा सोयाबीन पिकविणारा देश. तेथील ला प्लाता शहरातील संशोधकांना असे आढळले, की हे जंतू मॅनिटॉल या शर्करासदृश पदार्थावर वाढविले, तर बहुतांशी टोकाकडचाच संच तयार होतो. पण ॲरॅबिनोज ही साखर दिली, तर बाजूंचाही संच फुटतो. ॲरॅबिनोज ही वनस्पतींच्या पेशींच्या भिंतीत सापडणारी साखर. उलटपक्षी, प्रयोगशाळेत हे जंतू वाढविण्यासाठी पूर्वापार वापरले जाते ते मॅनिटॉल. एकाच जंतूला कोणत्या साखरेवर पोसले, यावर त्याच्या पायांची संख्या ठरावी, ही गोष्ट पाकिटे तयार करणाऱ्यांनी मनन करण्यासारखी आहे.

ही साखर वाटणारे मूळ उधळे आहे काय? मुळीच नाही. झाडाच्या पेशींत साखरेची ने-आण करणारी प्रथिने असतात. त्यांतील एक मोठे कुटुंब २०१० साली उजेडात आले, आणि त्याला ‘स्वीट’ असे समर्पक नाव मिळाले. त्यांपैकी एक प्रथिन मुळाच्या पेशीत साखर साठवून ठेवण्यास मदत करते. ते नसलेल्या रोपांतून अधिक साखर बाहेर झिरपते आणि अशा रोपांवर मुळे कुजविणारी बुरशी अधिक जोराने हल्ला करते, असे एका लहानशा प्रायोगिक वनस्पतीवर दिसून आले. मुळाच्या कोणत्या भागावर जंतूंनी किती वस्ती करावी, हेही या प्रथिनांच्या मांडणीवर अवलंबून असते, असे त्याच वनस्पतीवरील २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

ही काटकसर व्यर्थ नाही. साखरेची हाक मित्रालाच ऐकू जाते आणि शत्रूला नाही, असे नसते. कोकणात आणि गोव्यात वांगी व टोमॅटो यांची उभी रोपे हिरवीगार असतानाच एकाएकी माना टाकतात. त्या मर रोगाचा जंतूही मातीतून मुळांच्या पाझराचा माग काढीतच येतो. माग काढण्याची शक्ती नाहीशी केलेले हे जंतू मातीत सोडले, तेव्हा रोग पसरविण्याचे त्यांचे बळ घटले. म्हणून झाड नुसत्या साखरेवर विसंबत नाही. सोयाबीनचे मूळ साखरेबरोबर जेनिस्टीन आणि डेडझीन अशी विशेष द्रव्येही सोडते. ती ओळखणारा जंतू उलट खूण देतो. ती खूण पटली, तरच मूळ त्याला आत घेऊन त्याच्यासाठी गाठ बांधते. एकदा आत घेतल्यावर झाड त्याला आपल्या साखरेपासून केलेले अन्न पुरविते आणि तो झाडाला नत्र देतो. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात, त्यामुळे या पिकाला नत्राची भूक मोठी. चांगल्या गाठी असल्या, तर त्यातील निम्मा किंवा त्याहून अधिक नत्र हवेतून मिळतो. तेवढा नत्र पोत्यांतून विकत आणावयाचा, तर लहान शेतकऱ्याच्या खिशाला ते किती जड जाईल, हे सांगावयास नको.

आता सिमरोलच्या त्या बियाकडे परत यावयाचे. जंतू चांगला, साखर योग्य, खूणही पटलेली. तरीही गाठी का नाहीत? कारण हाकेला ओ देऊन निघालेल्या प्रवाशाला वाट हवी. पाण्यात जंतू सेकंदाला वीस-पंचवीस मायक्रॉन वेगाने पोहतो. सरळ पोहत राहिला, तर तासाला सात-आठ सेंटिमीटर अंतर कापील. पण तो सरळ पोहत नाही आणि माती म्हणजे हौद नव्हे. मातीच्या कणांवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तेवढ्यातच त्याला पोहता येते. माती वाळली, की पापुद्रा तुटतो आणि शेपट्या असूनही जंतू जागच्या जागी अडकतो. साखरेची हाकही दूर जात नाही. वाटेतील इतर जंतू ती काही तासांतच खाऊन टाकतात, त्यामुळे ती मुळापासून काही मिलिमीटरांच्या आतच विरते. इकडे मुळाचे टोक दिवसागणिक खाली धावत असते. बियाला चिकटलेला जंतू मागे राहतो आणि टोक पुढे निघून जाते.

माळव्याच्या काळ्या जमिनीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. ही जमीन ओली असता फुगते आणि तिची छिद्रे मिटतात. पावसाने ताण दिला, की आकसून भेगाळते. पाणी साचले तर हवा नाही, आणि भेगा पडल्या तर पापुद्रा नाही. दोहोंच्या मधली जी अवस्था, तिला शेतकरी वाफसा म्हणतो. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी ती स्थिती. बीज रुजण्यासाठी वाफसा हवा, हे पूर्वजांनी ओळखले होते. जंतूंच्या प्रवासालाही नेमका तोच हवा असतो, हे आधुनिक शास्त्राने त्यात जोडले, इतकेच.

याची पारख करण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही. पेरणीनंतर सहाएक आठवड्यांनी, ओल असताना, खुरप्याने सभोवतालची माती सैल करून सोयाबीनचे एक रोप ढेपेसकट काढावे. हिसका देऊ नये, नाही तर गाठी मातीतच राहतात. मुळे पाण्यात अलगद धुवावीत. गाठी केवळ बुंध्यालगत वरच्या मुळावर झुबक्याने असतील, तर बियाबरोबर आलेला जंतू तेथेच थांबला, असे समजण्यास जागा आहे. उपमुळांवर दूरवर गाठी विखुरलेल्या दिसल्या, तर जंतू मातीत आधीपासून पसरलेले आहेत अथवा त्यांना वाट मिळाली आहे. एक गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी-तांबूस रंग असेल, तर तिचे काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल, तर नाही. ला प्लाताच्या संशोधकांनी अधिक चपळ जंतू निवडले आणि ते बियांना न लावता सरीतील मातीत दिले, तेव्हा गाठी वाढल्या. प्रवाशाला गावाच्या वेशीवर न सोडता मुक्कामाजवळ नेऊन सोडावे, तसाच हा उपाय.

गुळाने इतके होते, तर शेतातच गूळ ओतावा, असा मोह कोणास झाला तर तो आवरावा. बियाला लावलेला गूळ चिकटविण्यापुरता ठीक. मोकळ्या शेतात पडलेली साखर जो जंतू जवळ आणि चपळ असेल त्याच्या तोंडी जाते. त्यात मित्र-शत्रू हा भेद राहत नाही. शिवाय नुसती साखर मिळालेले जंतू वाढीसाठी मातीतील नत्र ओढून घेतात आणि पिकाचीच तात्पुरती उपासमार होते. युरियाचा अतिरेकही तितकाच घातक, कारण आयता नत्र मिळू लागला, की सोयाबीन गाठी बांधण्याचा खटाटोपच कमी करते. साखर वाटण्याचे काम मुळावर सोपवावे. कोठे, केव्हा आणि किती द्यावयाची, हे त्याला अधिक कळते. मनुष्याचे काम वाट मोकळी ठेवण्याचे.

ती वाट मोकळी ठेवण्याची विद्या इंदूरला नवी नाही. १९२४ साली येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. होळकर दरबाराने तिला जमीन दिली आणि आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. हॉवर्ड आणि त्यांच्या विदुषी पत्नी गॅब्रिएल यांनी त्यापूर्वी बिहारमधील पुसा येथे झाडांची मुळे खणून काढून त्यांचा अभ्यास केला होता. जमिनीवर पीक कसे दिसते, एवढ्यावर त्यांचे समाधान नसे. खाली काय चालले आहे, याकडे त्यांची नजर असे. इंदुरात त्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलटेपालटे करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. तीच पुढे इंदूर पद्धती म्हणून जगभर गेली. १९३१ साली या रीतीवर प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर आणखी एक नाव आहे. ते म्हणजे त्यांचे सहकारी यशवंत वाड. जगाला हॉवर्ड आठवतात. मराठी वाचकाने वाडांचेही स्मरण ठेवावयास हवे.

त्या खताचे महत्त्व नुसत्या नत्र-स्फुरदाच्या आकड्यांत मोजून संपत नाही. कुजलेले खत मातीचे कण रवाळ करते, ओल धरून ठेवते आणि हवेला जागा देते. काळी जमीन त्यामुळे कमी चिकटते, कमी तडकते, आणि वाफसा अधिक दिवस टिकतो. मुळाची साखर ही हाक असेल, तर खताने घडविलेली माती हा रस्ता आहे. सिमरोलच्या ओसरीवर बियांना भुकटी चोळणाऱ्या शेतकऱ्याने पाकिटावरील तारीख जरूर पाहावी, बी सावलीतच सुकवावे. पण त्याआधी उन्हाळ्यात शेतात किती गाड्या खत पडले, हेही आठवून पाहावे. गाठींचा हिशेब पुष्कळ वेळा तेथूनच सुरू होतो.